डावी बाजू

चहाचा कप तसाच ठेवून मिस्त्री खिडकीशी आले आणि कान देऊन उभे राहिले. मागच्या शेडमध्ये कुणीतरी पत्रा घासत होतं. पॉलिश पेपर जाडा होता आणि हात गोल फिरत होता.

बायकोखेरीज तिथे दुसरं कोण असणार! जन्मभर लोकांच्या गाड्या सुधारल्यावर मिस्त्रींनी हौसेनं स्वतःसाठी एक जुनी गाडी घेतली होती. तिच्या अंगावरचा गंज काढायची वेळ आली आणि डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी हात टेकले. तेव्हापासून ते शेडकडे फिरकले नव्हते. गाडी भंगारात दे, असं बायकोला सांगून मोकळे झाले होते. ती हो म्हणाली होती; भंगारवाला मात्र कधी आला नाही.

आवाज थांबेना. शेवटी भिंत चाचपत ते शेडमध्ये गेले.

"अगं, ओरखडे पडतील पत्र्याला. बारीक पेपर घे आणि सरळ रेषेत घास. पातेलं नाही ते."

"मला काय कळतंय त्यातलं? तुम्हीच दाखवा."

तिनं त्यांचा हात उजव्या दारावर ठेवला. गंजाचे खवले बोटांना टोचले. मिस्त्री घासू लागले. हळूहळू खरखर विरत गेली आणि खालचा गार पत्रा हाताला लागला. मग ते बोलतच सुटले. गंज कुठे दडतो, हात कुठे हलका ठेवायचा, सगळं. कित्येक महिन्यांत ते एवढं बोलले नव्हते.

ती फडकं आणायला घरात गेली, तेव्हा डावीकडे किती काम पडलंय ते बघायला मिस्त्री बॉनेटच्या आधारानं पलीकडे वळले. बोटं मडगार्डवरून दारावर, दारावरून मागे गेली. कुठेच अडखळली नाहीत. गंजाचा कण नाही, ओरखडा नाही. वर रंगाआधीचा प्रायमर, तोही घासून मऊ केलेला; त्याची पिठासारखी भुकटी हाताला लागत होती. दाराच्या खालच्या काठाआड त्यांनी बोट घातलं. तिथेही लख्ख. नवशिक्याचा हात तिथवर पोचतच नाही.

तळहात पत्र्यावर टेकवून ते बराच वेळ उभे राहिले. पावलं वाजली तसे लगबगीनं उजवीकडे परतले.

"उद्या छताला हात घालू," ते म्हणाले. "तुला एकटीला जमायचं नाही."

"नाहीच जमणार."

तिनं त्यांचा तळहात हातात घेतला, क्षणभर थांबली आणि फडक्यानं सावकाश पुसू लागली. गंज लाल असतो आणि प्रायमर राखाडी, हे मिस्त्रींच्या जरा उशिरानंच लक्षात आलं.