गुणाजीची घाई आणि पास्कल मास्तरांचा अल्बम

मित्रांनो, मी एक जुनी झांज आहे. सध्या मुक्काम कल्याण, एका व्यायामशाळेचं कपाट, खालचा कप्पा. शेजारी मुद्गल असतात. स्वभावानं चांगले, पण त्यांना बोलायला विषय नसतो. झांज खरं तर जोडीनंच जन्मते. माझी जोडीदारीण पाण्याच्या माठावर झाकण म्हणून नोकरीला आहे. तिच्या मधोमध दोरीसाठी भोक असल्यामुळे त्या कामात तिची बढती होईल असं वाटत नाही.

आम्हां दोघींना कल्याणच्याच एका कासारानं काशापासून घडवलं. ठोकलं, घासलं आणि एकमेकींवर हलकेच आपटून तो डोळे मिटून ऐकत बसला. मग म्हणाला, "ह्या भांडणार नाहीत." आमच्या धंद्यात यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र नाही.

आम्ही लेझीम पथकात गुणाजीच्या हाती आलो. गुणाजी रेल्वेच्या इंजिन शेडमध्ये कामाला. दिवसभर हातोडे आणि संध्याकाळी शेजारी ढोल, त्यामुळे त्याला कमी ऐकू यायचं. हे त्याला मान्य नव्हतं. त्याच्या मते लोकच हल्ली पुटपुटायला लागले होते.

१९५१ साली आमच्या व्यायामशाळेत पास्कल मास्तर आले. ठाण्याचे, चर्चमागच्या आळीत राहणारे. घरात मराठी, आणि मुंबईच्या हॉटेलात सॅक्सोफोन. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चाली दुसऱ्यांच्या नाचासाठी वाजवल्या होत्या. आता एक रेकॉर्ड कंपनी त्यांच्या स्वतःच्या जाझच्या तबकड्या काढायला तयार झाली होती. अट एकच, चाली लोकांच्या ओठांवरच्या हव्यात. दुसरा कलावंत अशा अटीनं दुखावला असता. मास्तर दाढी करतानाही रेडिओवरची गाणी गुणगुणत, त्यांना ती अट वाटलीच नाही. मात्र त्यांचा ड्रमवाला नेमका कलकत्त्याला निघून गेला होता.

"जाझसाठी माणूस हवा आहे," मास्तर दारातून म्हणाले.

"झांजेसाठी? मग मीच की," गुणाजी उठला.

"जाझ."

"तेच म्हणतोय मी."

मास्तरांनी आमच्याकडे पाहिलं. "वाजवा बघू," म्हणाले. गुणाजीनं वाजवलं. मित्रांनो, चूक दुरुस्त करायला कुणीही शिकलेला माणूस पुरतो. ती ऐकून घ्यायला पास्कल मास्तर लागतात. "रविवारी ठाण्याला या," एवढंच ते बोलले.

तालमी मास्तरांच्या घरी होत. पियानोवर सरोजबाई, एका शाळेत गाणं शिकवणाऱ्या. कंपनीतर्फे डोंबिवलीचे हरिहरराव येत आणि नाट्यसंगीताच्या माणसानं बसावं तसे पाठ भिंतीला टेकून बसत. त्यांनी समजावलं, "चार तबकड्या, आठ बाजू, सगळं एका कापडी पुठ्ठ्यात. त्याला अल्बम म्हणतात." पुढच्या रविवारी गुणाजी केस चापून, कोट घालून आला. अल्बम म्हणजे फोटो, एवढं त्याला कळत होतं. कुणी हसलं नाही. मास्तरांनी शेजारून कॅमेरा मागवला, स्वतः टाय लावला आणि सगळ्यांचा फोटो काढवला. पुढे तोच पुठ्ठ्यावर छापला गेला.

मास्तरांची काम करायची रीत मी अजून विसरले नाही. लोकांच्या गाण्याची पहिली ओळ ते जशीच्या तशी वाजवत, ऐकणाऱ्यानं मान डोलवावी म्हणून. मग सॅक्सोफोन ओळखीच्या रस्त्यावरून भलत्याच गल्लीत शिरे, चार अनोळखी दारं वाजवी आणि जेवायच्या वेळेला बरोबर घरी परते. गाण्याला ओरखडाही नसे.

आठवी बाजू कंपनीनं त्यांना स्वतःच्या चालीसाठी मोकळी सोडली होती. लेझमीच्या ठेक्यावर बांधलेली चाल, शेवटी एक लांबलचक, सुंदर शेपूट. अडचणी दोन होत्या. तबकडीची एक बाजू तीन मिनिटांची, आणि चाल तिच्यात मावत नव्हती. शेपूट छाटायला मास्तरांचा हात उठेना. दुसरी अडचण गुणाजी. लेझमीची लय चढत जाते, तसा तोही चढत जायचा.

रेकॉर्डिंग कोलशेतला झालं. एका कारखान्याचं नवं गोदाम होतं, अजून माल भरायचा होता, त्यामुळे शांत. मेणाच्या थाळीवर सुई आवाज कोरत चाले. चूक झाली की अख्खी थाळी वाया. आमचा आवाज मोठा, म्हणून गुणाजीला दाराबाहेर उभं केलं होतं. सात बाजू उत्तम झाल्या. आठवीच्या दोन थाळ्या गेल्या. गुणाजी पुढे, बाकीचे मागे, आणि शेपटाआधीच मेण संपलेलं.

"शेवटची थाळी उरलीय," हरिहरराव म्हणाले. "झांज काढा, शेपूट कापा. नाहीतर सोडा नाद. सात बाजूंना कंपनी अल्बम म्हणत नाही."

म्हणजे मास्तरांनी पुन्हा हॉटेलात जाऊन दुसऱ्यांच्या चाली वाजवायच्या.

मास्तर दाराशी आले. मोठ्यानं म्हणाले, "गुणाजी, तुम्ही पळता."

"मी नाय पळत, मास्तर. ही मंडळी मागं पडतात."

आतून सरोजबाई हसल्या. "मास्तर, खरं सांगू? ह्यांच्याबरोबर पळावंसं वाटतं हो. दोन्ही वेळा मी स्वतःला आवरून धरलं."

मास्तर बराच वेळ सॅक्सोफोन पुसत राहिले. स्वतः बांधलेली लय सोडून द्यायची म्हणजे पोटच्या पोराला दुसऱ्याच्या मांडीवर देण्यासारखं. मग म्हणाले, "आवरू नका. गुणाजी नेतील तिकडे जाऊ."

आणि गेले. सुरुवातीला सगळे चालत होते, मग झपझप, मग पियानो आमच्या खांद्याला खांदा लावून धावू लागला आणि सॅक्सोफोननं असा सूर लावला की गोदामाचे पत्रे थरथरले. चाल लवकर सरली. ते शेपूट, एक सूरही न छाटता, उरलेल्या मेणात मावलं. शेवटचा ठोका आमचा. तो विरेपर्यंत कुणी हललं नाही.

"ठीक आहे," हरिहरराव म्हणाले. नाट्यसंगीताबाहेर हा शब्द त्यांनी कुणासाठी खर्च केल्याचं ऐकिवात नाही.

अल्बम निघाला. फार खपला असं नाही, पण डोंबिवलीच्या एका हॉटेलात आठवी बाजू लागली की पोऱ्यांच्या हातचा चहा बशीत सांडायचा. पास्कल मास्तर हॉटेलात वाजवत राहिले, पण आता लोक त्यांचीच चाल मागत.

पुढे लाउडस्पीकर आले. लेझीम त्यांच्यावर होऊ लागली आणि गुणाजी गेल्यावर जोडीदारणीला माठ मिळाला, मला कपाट.

म्हणून एक विनंती. आवाज करणाऱ्या वस्तूला जपायचं म्हणजे कुलपात ठेवायचं नव्हे. थोडी चिंच लावून घासा, दोरी नवी ओवा, जोडी जमवा आणि मुलांच्या हाती द्या. मुलं चुकतील, घाई करतील. तेव्हा मोठ्यांनी खुशाल कानांवर हात ठेवावेत. झांजेवर ठेवू नयेत.