डिकीला सहा भोकं

डॉक्टरीणबाईंनी गाडीच्या डिकीवर बसवायचे तीन स्पॉयलर गॅरेजच्या बाकावर मांडले, तेव्हाच पत्र्याचं काम करणाऱ्या डेंटरच्या मनात पाल चुकचुकली. अर्धांगाचा झटका आल्यापासून सहा महिने याच बाई त्याच्या उजव्या हाताचा व्यायाम घेत होत्या; हात हातात घेतला की आधी पकड तपासायच्या. सुरुवातीला तो हात चमचा धरायलाही कुरकुरायचा. आता बाई त्याच हातानं आपल्या वडिलांच्या जुन्या स्पोर्ट्स कारला स्पॉयलर बसवा म्हणतात, म्हणजे नक्की कीव आली असणार. आणि कुणी कीव केली की याचं डोकंच सणकायचं.

राग त्यानं आधी स्पॉयलरवर काढला. पहिला चांगला वीतभर उंच होता.

"यावर काय, कपडे वाळत घालायचे?" गॅरेजात मदतीला असलेल्या त्याच्या बायकोनं विचारलं.

"वेग वाढला की मागची चाकं हलकी पडतात हो," बाई म्हणाल्या. "वळणावर भीती वाटते."

"मग वरून वाऱ्याचा दाब हवा, पण डिकीच्या बिजागऱ्या वाकायला नकोत," डेंटर म्हणाला. दुसरा रबरी होता. तो त्यानं वाकवून पाहिला आणि बाजूला टाकला. तिसरा फायबरचा, बुटका, कडेला जरासा वर उचललेला. डिकीवर ठेवला तर गाडीबरोबरच जन्मल्यासारखा दिसला. एवढं निवडेपर्यंत त्याला हाताची आठवणच राहिली नव्हती.

मग भोकांची वेळ आली. सहा भोकं, आणि पत्र्यात पडलेलं भोक काही परत घेता येत नाही.

"बाई, चौकातल्या डेंटरकडे न्या," तो म्हणाला. "माझी दया आली म्हणून गाडी कशाला पणाला लावता?"

बाई तापल्या. "काका, दया आली असती तर फळं आणली असती. बाबांच्या गाडीला भोकं पाडू दिली नसती. हात तयार झालाय म्हणून आलेय. तो मीच तयार करून घेतलाय, मला नाही कळणार?"

त्यानं डिकीवर टेप लावली, कागदाचा साचा ठेवून खुणा केल्या, चारदा मोजलं. बायकोनं खालून लाकडाचा ठोकळा धरला. ड्रिल उचलताना हात थरथरायचा, पण टोक खुणेत टेकलं की स्थिर व्हायचा. पाच भोकं सरळ पडली. सहाव्याला टोक घसरलं आणि पत्र्यावर नखाएवढा ओरखडा उठला.

"चुकलो," तो म्हणाला. "स्पॉयलरखाली झाकला जाईल, पण तुम्हाला सांगायला हवं."

बाईंनी ओरखड्याकडे पाहिलं, मग त्याच्या अंगठ्याकडे. "अंगठा दमलाय. पाच मिनिटं बसा, मग पुन्हा."

ड्रिल त्यांनी त्याच्या हातातून घेतलं नाही. पाच मिनिटांनी सहावं भोकही नीट पडलं. ओरखड्याला आणि भोकांच्या कडांना गंज धरू नये म्हणून प्रायमर लागला, नट आवळले गेले, आणि बाई गाडी घेऊन लांबवर चक्कर मारून आल्या.

"मागून रस्त्याला घट्ट बसते आता," उतरता उतरता त्या म्हणाल्या.

तोवर डेंटरनं मनाशी बरंच काही जुळवून ठेवलं होतं. त्यातलं एवढंच तोंडातून निघालं: "हात तुम्ही परत दिलात, ते रोज दिसत होतं. पण या हातावर विश्वास कोण ठेवणार, या काळजीनं झोप उडाली होती. तोही तुम्हीच ठेवलात."

बाईंनी त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरला, आणि पहिल्यांदाच त्याची पकड तपासायला विसरल्या.