अर्जाचे लुगडे

कमलबाईच्या अंगणातल्या दोरीवर त्या सकाळी एक पांढरे लुगडे वाळत होते. ते पाहून गल्लीतल्या प्रत्येक बाईला कळले, की कोणीतरी धुळ्याला अर्ज घेऊन निघाली आहे.

नरडाण्याजवळच्या त्या गावात यापेक्षा जास्त जपलेले वस्त्र नव्हते. कमलबाई ते पत्र्याच्या पेटीत कडुनिंबाच्या पाल्यात ठेवी. पदराला दोन भोके होती आणि गुडघ्याजवळ एक लांब फाट. भोकांच्या कडा बारीक टाक्यांनी शिवलेल्या होत्या. भोक वाढू नये म्हणून, आणि बुजूही नये म्हणून. एकदा फाट हातभर वाढली, तेव्हा धुळ्याच्या मदतनिधीच्या प्रमिलाबाई म्हणाल्या होत्या, "सभ्य माणसांसमोर असं येतात का?" पुढच्या वेळी ती बुजवली, तर त्याच बाई म्हणाल्या, "तुझं तर बरं चाललेलं दिसतंय." तेव्हापासून दारिद्र्य नेमके किती फाटलेले असावे, हे गावाने ठरवून टाकले होते.

कै. पुनाजी आबा निराधार साहाय्य निधी हा धुळ्यातला जुना, नावाजलेला निधी. कापसाच्या व्यापारात पैसा केलेल्या पुनाजींनी तो विधवा आणि अनाथांसाठी स्थापला होता. इमारतीच्या दारात त्यांचा संगमरवरी अर्धपुतळा होता. अर्धपुतळा असल्यामुळे दात्याला हात नव्हते, आणि पुढच्या दोन पिढ्यांच्या विश्वस्तांनी ही उणीव कसोशीने जपली होती. कोण किती गरजू हे मोजायला समितीकडे एकच उपकरण होते, ते म्हणजे डोळे. ते बरोबर मोजतात की नाही, हे कोणी कधी तपासले नव्हते.

सुगंधाबाई लुगडे घ्यायला आली, तेव्हा तिच्या अंगावर मोरपंखी रंगाचे फुलाफुलांचे पातळ होते. नवरा चिंधा विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला, त्याला चार वर्षे झाली होती. सारंगखेड्याच्या जत्रेतून त्यानेच ते पातळ आणले होते.

"अक्का, मना जोडे धवळं एकबी नही," ती म्हणाली. "बठ्ठा लुगडा रंगना शेतस. धवळं ते इकत लेनं पडी."

"त्यानासाठेच ते हाई ठेयेल शे," कमलबाई म्हणाली. "गरीब दखावाकरता नवं लुगडं लेवो, इतली श्रीमंती शे का आपलीजोडे?"

दोघी हसल्या. मग कमलबाईने नेहमीच्या सूचना दिल्या. बसमध्ये नेसायचे नाही, पिशवीत न्यायचे. निधीच्या जिन्यामागे नेसायचे. बांगड्या काढायच्या, टिकली काढायची, नजर जमिनीवर.

"आनि इचारं ते कमी बोल. त्यासले बोलनारी बाई भूक लागेल नही वाटत."

सुगंधाबाईची सरला बारावी झाली होती. धुळ्याच्या नर्सिंगच्या शाळेत तिला प्रवेश मिळाला होता. फी भरायची मुदत आठवड्यावर आली होती. मोठा दीर वना याने ओट्यावर बसून दोन वाटा आखून दिल्या होत्या.

"फंडना पैसा उना ते शिकाड पोरले," तो म्हणाला होता. "नही उना ते शिरपूरना पाव्हना शेतसच. दोन वरीस वाट दखी त्यासनी. बिनबापनी पोर घरमा कितला दिन ठेवशी?"

शिरपूरचा पाहुणा सरलापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा होता. पहिली बायको बाळंतपणात गेलेली. वनाला त्यात एवढेच दिसत होते, की तो हुंडा मागत नाही.

त्या दुपारी सुगंधाबाईने लुगडे उजेडात धरून पाहिले. एका भोकाचे टाके उसवले होते. घरातला पांढरा दोरा संपला होता, म्हणून तिने सरलाच्या शाळेच्या गणवेशाचा निळा दोरा घेतला आणि भोक होते तसे, होते तेवढेच, शिवून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सरलासह तिघी धुळ्याला गेल्या. जिन्यामागे सुगंधाबाईने पांढरे लुगडे नेसले. कमलबाई व्हरांड्यातच थांबली. त्या दाराच्या आत ती पुन्हा जात नसे. समितीच्या खोलीत पंखा फिरत होता, आणि टेबलाच्या एका टोकाला नव्या पांढऱ्या लुगड्यांची थप्पी होती. अध्यक्ष तोताराम आबा, निवृत्त हेडमास्तर, चहा बशीत ओतून पीत होते. शेजारी प्रमिलाबाई, निधीच्या महिला प्रतिनिधी.

"डोळे बघा हो आबा," प्रमिलाबाई हळहळल्या. "अजून रडतेय बिचारी."

"मिरची खुडस जी," सुगंधाबाई म्हणाली.

"काय?"

"दोंडाईचाले मिरचीना देठ खुडाले जास. तिनी आग शे डोळासमा."

प्रमिलाबाईंचा चेहरा थोडा पडला. सहानुभूती चुकीच्या जागी खर्च झाली होती. मग त्यांची नजर मनगटांवर गेली. "बांगड्या घालतेस वाटतं. वळ दिसतोय. आणि या मुलीच्या कपाळावर टिकली? वडील नाहीत ना तुला?"

"वडील नाहीत," सरला म्हणाली. "कपाळ आहे."

"शिकलेली आहे," तोताराम आबा म्हणाले. तो शब्द त्यांनी ताप आहे म्हणावे तसा उच्चारला. त्यांनी अर्ज चष्म्याजवळ नेला. "नर्सिंग. म्हणजे परक्यांची घाण काढायची. आपल्या समाजातल्या मुलीनं?"

"घरमा आजा पडेल व्हता, तवय तिनीच काढी," सुगंधाबाई म्हणाली. "तो परका नव्हता, इतलंच."

"बाई, वाद नको. आम्हाला मदत करायची नाही असं नाही." आबांचा आवाज मऊ झाला. चाळीस वर्षे मुलांना उभे करून ते याच आवाजात नियम सांगत आले होते. "विधवांच्या मुली मार्गी लागाव्यात म्हणूनच पुनाजी आबांनी वेगळी ठेव ठेवलीय. स्थळ ठरवा, पत्रिका छापा, घेऊन या. दुसऱ्या दिवशी मदत. शिक्षणासाठी मात्र नियमात तरतूद नाही."

"शिकाडाले नही. पन लगीन लावाले शे?"

"तसा नियम आहे."

"आनि लगीन कोनासंगे, ते इचारतस का?"

"तो तुमचा घरगुती प्रश्न," प्रमिलाबाई म्हणाल्या. मग त्यांनी थप्पीवरचे एक लुगडे उचलून पुढे सरकवले. "हे घेऊन जा. प्रत्येकीला देतोच आम्ही. तुझं अगदीच जीर्ण झालंय."

सुगंधाबाईने त्या नव्या लुगड्याकडे पाहिले. काठावर निधीचा जांभळा शिक्का होता. घेणारीने ते विकून खाऊ नये, म्हणून निधी दानावर शिक्का मारत असे.

"जराखा थांबा जी," ती म्हणाली आणि बाहेर आली.

व्हरांड्यात कमलबाईने तिच्याकडे पाहून विचारले, "काय व्हयनं?"

सुगंधाबाईने सांगितले. कमलबाईने पुतळ्याकडे पाहिले.

"मना पोऱ्या बिमार व्हता तवय मी औषध मांगं," ती म्हणाली. "यासनी लुगडं दिधं. तेच हाई. पोऱ्या त्याच पावसाळामा गया, लुगडं ऱ्हायनं. मी एक दिन बी नेसनू नही. आते तू पोरनं शिक्षण मांगं, ते लगीन दी ऱ्हायनात." तिने पदराने तोंड पुसले. "काढ ते. त्यासनं त्यासले दी टाक."

"अक्का, गावन्या बाकीन्या बाया काय करतीन मंग?"

"ज्या लुगडामा शेतस, त्याच लुगडामा येतीन."

जिन्यामागे सुगंधाबाईने मोरपंखी पातळ नेसले, बांगड्या चढवल्या. सरलाने स्वतःच्या कपाळावरची टिकली काढून आईच्या कपाळाला लावली आणि अंगठ्याने दाबली.

खोलीत पुढच्या अर्जाची चर्चा सुरू झाली होती. प्रमिलाबाईंनी वर पाहिले आणि विचारले, "कोण गं तू?"

"मी आतेच इठे उभी व्हतू," सुगंधाबाई म्हणाली.

तिने पांढऱ्या लुगड्याची घडी टेबलावर ठेवली आणि एक काठ उलटून दाखवला. शिक्का फिकट झाला होता, पण वाचता येत होता. तोताराम आबांनी चष्मा पुसून तो वाचला.

"हाई तुमनं शे. आमना गावनी जी बाई अर्ज करे, ती हाईच नेसी ये. तीच भोकं, तीच फाट. तुम्ही एकदाव बी वळखं नही. तुम्ही लुगडं दखं जी, बाई दखीच नही."

"म्हणजे इतकी वर्षं फसवणूक चालली होती," प्रमिलाबाई म्हणाल्या.

"चालू व्हती. पन शिवन आमनं शे, शिक्का तुमना."

आबांनी कागद सारखे केले. "बाई, तुमचा अर्ज..."

"मना अर्ज नही. गरीब हाई शे, यानाच अर्ज ल्या. लगीन लावाना पैसा दी ऱ्हायनात, ते यानंच लगीन लाई द्या."

ती वळली. सरला दार उघडून उभी होती.

समितीची बैठक त्या दिवशी उशिरापर्यंत चालली असे म्हणतात. विचार गंभीरपणे झाला. फी, औषध, चार वर्षांच्या मिरचीने लाल झालेले डोळे, यांपैकी कशाचा उल्लेख त्यात नव्हता. ठराव मात्र एकमताने झाला : यापुढे लुगड्यांवरचा शिक्का पक्क्या शाईचा असावा.

सुगंधाबाईने घरच्या दोन्ही शेळ्या विकल्या आणि दोंडाईच्याला मिरचीच्या व्यापाऱ्याकडून हंगामाची उचल घेतली. सरलाची फी मुदतीच्या शेवटच्या दिवशी भरली गेली. वनाने भावजयीशी बोलणे टाकले, त्यामुळे घरात बरीच शांतता झाली. शिरपूरच्या पाहुण्याला त्याच उन्हाळ्यात दुसरी मुलगी मिळाली. तिलाही बाप नव्हता. तिच्या लग्नाला कोणत्या निधीने मदत केली, हे कोणी विचारले नाही.

वर्षभराने सुगंधाबाई नरडाणा फाट्यावर धुळ्याच्या बसची वाट पाहत उभी होती. डब्यात सरलासाठी कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. झाडाखाली एक अनोळखी बाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिच्या पांढऱ्या पदरावर एक भोक होते, आणि त्याच्या कडेला निळ्या दोऱ्याचे टाके.

सुगंधाबाई तिच्याजवळ जाऊन बसली.

"बहीन, हाई लुगडं कोठे भेटनं तुले?"

"फंडमा," ती बाई म्हणाली. "मांगला सालले दिधं. वापरेल शे, पन धुयेल शे, म्हने."

"आते कोठे चालनी?"

"तठेच. पोऱ्या सिव्हिलमा शे, डोळानं ऑपरेशन शे. अर्ज करस." तिने पदर सावरला. भोक दिसेल असा सावरला. तिला कोणी शिकवले नव्हते, तरी ते तिला कळले होते.

"पिशवीमा काय शे?"

"मनं लाल लुगडं. मंग दवाखानामा जावानं शे ना. पोऱ्याले धवळं आवडस नही. एक डोळानी दखस, पन रंग वळखस."

"लालच नेसीसन जाय फंडमा."

"देतीन का मंग?"

"नही बी देतीन," सुगंधाबाई म्हणाली. "पन काबर नही देत, ते त्यासले तुना तोंडकडे दखीसन सांगनं पडी. मी येस तुनासंगे."

बस आली. धुळ्याच्या स्टँडवरून सरलाच्या वसतिगृहाचा रस्ता डावीकडे जातो. भाकरीचा डबा काखेत धरून सुगंधाबाई उजवीकडे, निधीच्या रस्त्याला वळली. तिच्या मागून, स्टँडवर लाल लुगडे नेसून आलेली ती बाई चालत होती, आणि चारच पावलांनी ती तिच्या बरोबरीने चालू लागली.