पदराआडचं बोलणं

कुकरची शिट्टी वाफ बघून मोजायची.

पाढे म्हणवून घेताना मुलांकडे तोंड करून उभं राहायचं. कोण चुकतंय ते ओठांवर दिसतं.

शिक्षकांच्या खोलीत म्हणतात, बाई फार शिष्ट झाल्या.

गॅलरीतला कावळा चोच उघडतो आणि मिटतो.

खारबावहून कार्ड: 'ताई, तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती. शुभदा.'

सुमतीबाईंना ऐकू येईनासं झालं त्याला तीन वर्षं होत आली होती. त्यांनी ते कोणालाच सांगितलं नव्हतं. ओठांवरून बोलणं ओळखायला त्या आपल्या आपणच शिकल्या. ओठ दिसले नाहीत, तर हसून 'बरं, बरं' म्हणायचं आणि उठायचं. लोक शिष्ट म्हणाले तर म्हणोत, ते परवडत होतं. बहिरी म्हटलेलं परवडत नव्हतं. ज्यांनी तीस वर्षं लाल पेनाने दुसऱ्यांच्या चुका काढल्या, त्यांना स्वतःतली खोट कशी सोसवणार?

शुभदा त्यांची एकुलती एक धाकटी बहीण. गेल्या वर्षी तिचा नवरा गेला. मागच्या रविवारी ती भिवंडीला आली, तासभर बसली, आणि बाई चहा टाकायला आत गेल्या तेवढ्यात निघून गेली. मग हे कार्ड. कसली अपेक्षा? बाईंनी ते चार वेळा वाचलं.

शेजारच्या तय्यबाने दार ढकललं. खाली तळमजल्यावर तिच्या नवऱ्याचे, मुनीरचे कापडाचे सहा लूम, म्हणजे यंत्रमाग, होते आणि ती दिवसभर तिथे असायची. तिचं बोलणं म्हणजे भलं मोठं तोंड वासून. बाईंना ते गावंढळ वाटे.

"बहीन रागावून गेली ना?" तय्यबा समोर येऊन म्हणाली.

"तुला काय ठाऊक?"

"मी जिन्यात होती. दार उघडंच होतं. ती इचारते, ताई, दिरांकडे आता नाय निभत, तुझ्याकडे कायमची येऊ का? आनी तुमी काय बोललात? बरं, बरं, चहा टाकते."

सुमतीबाई खुर्चीत बसल्या. "ती तोंडावर पदर धरून बोलत होती," त्या म्हणाल्या.

"पुढचे दात पडलेत तिचे. जिना उतरताना दिसलं मला. लाजते ती."

"मला..."

"ऐकायला येत नाय. ठाऊक हाय." तय्यबा हसली. "लूमवर कोनाला ऐकायला येतं? मुनीरचा डावा कान पार गेला. आमी तोंड बघूनच बोलतो. तुमी माझ्या तोंडाकडे कशा बघता, त्यावरनंच मला कळलं. तुमाला दिसावं म्हनून तर एवढं तोंड फाडते. आनी तुमी मला शिकवता, हाय नको, आहे म्हन."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी बाई. तुमाला कोन सांगनार?"

दुपारच्या एसटीने सुमतीबाई खारबावला गेल्या. शुभदा मागच्या पडवीत सुपात तांदूळ निवडत होती. बहिणीला बघताच तिने पदर तोंडावर घेतला.

"शुभे, मला ऐकू येत नाही," सुमतीबाई म्हणाल्या. "तीन वर्षं झाली. तू काय विचारलंस ते मला तेव्हा कळलंच नाही."

पदर हलला. त्यामागे शुभदा काहीतरी बोलली होती. या वेळी बाई हसल्या नाहीत.

"पदर काढ. मग बोल."

शुभदाने सूप खाली ठेवलं. मग पदर खाली सोडला.

"म्हातारी दिसते ना मी?"

"दिसतेस."

"आणि तू बहिरी."

"हो."

दोघी थोडं हसल्या.

"माझ्याकडे चल," सुमतीबाई म्हणाल्या. "आजच चल."

शुभदाने मान हलवली. मग एकेक शब्द सुटा करून, बहिणीला दिसेल असा, बोलली. "नाही ताई. आता नाही. मी हात पसरले आणि तू पाठ फिरवलीस. तुला ऐकू आलं नाही हे पटलं मला. पण हा आठवडा मी कसा काढला, ते माझं मला ठाऊक. तू बोलावलंस म्हणून लगेच उठून येणं मला जमणार नाही. मी अशीच आहे."

बाईंना सगळं नीट दिसलं. एक शब्द सुटला नाही. एरवी त्यांनी शुभदाचं कुठे चुकतंय ते समजावून सांगितलं असतं. त्यांनी तिच्यासमोरचं सूप थोडं आपल्याकडे ओढलं आणि खडे वेचत शेवटच्या गाडीपर्यंत बसून राहिल्या.

भिवंडीला पोचेपर्यंत अंधार पडला होता. त्यांनी एका माणसाचा भात टाकला. खाली लूम चालू होते, जमीन तळपायांना थरथरताना कळत होती. खुर्ची दाराकडे तोंड करून ठेवून त्या जेवल्या.

ज्या रविवारी ती चहा न घेता निघून गेली, त्या रविवारी शुभदाने येताना पिशवीत दोन पातळं, औषधाची बाटली आणि नवऱ्याचा फोटो आणला होता.