आज बुधवार आहे म्हणून काय झालं?

मी वादळाचा इशारा देणारा भोंगा बोलतोय. दचकू नका, महिन्याच्या पहिल्या बुधवारी भर दुपारी माझी चाचणी असते. माझा जन्मच मुळी दचकवण्यासाठी झालाय, पण या मार्लो बेंडमध्ये माझ्या ओरडण्यानं कोणाच्या हातातला घाससुद्धा थांबत नाही.

कारखान्यातून आलो तेव्हा पिवळाधमक होतो. अग्निशमन केंद्रामागच्या खांबावर मला चढवलं. इथून ओहायो नदीचं वळण दिसतं, कोळसा वाहणाऱ्या बोटी, धान्याची कोठारं आणि पूर अडवणाऱ्या भिंतीवर रंगवलेली जुनी आगबोट दिसते. शहर ना धड मोठं, ना धड लहान. नदी चढली की इथली माणसं वाळूची पोती घेऊन धावतात. मी वादळाचा इशारा दिला की मात्र व्हरांड्यात येऊन आभाळ बघत उभी राहतात. काय म्हणावं यांना?

समोरचा म्हातारा व्हर्लिन तर यांचा म्होरक्या. उभा जन्म बोटीवर गेलेला. "असली ढीगभर आभाळं पाहिलीत मी," म्हणतो.

वसंतात त्याच्या शेजारी योलांडा राहायला आली, दूरच्या वाळवंटी गावातून. पहिल्याच चाचणीला ती आपल्या चिमुरड्या लेकीला, लूसला, कवटाळून तळघरात पळाली. व्हर्लिन हसून बेजार.

"अगं पोरी, बुधवार आहे आज. त्याला ओरडायची हौस आहे."

पुढच्याच महिन्यात, नेमकी चाचणीच्याच वेळी, नदीपलीकडे ढगातून चक्रीवादळाची काळी सोंड खाली उतरली. आभाळ भरून आलं की चाचणी करत नाहीत, हे गावात सगळ्यांना ठाऊक. तरी मी जीव तोडून ओरडतोय आणि व्हर्लिन व्हरांड्यात तळलेल्या माशाचं सँडविच खातोय. असा संताप आला मला. योलांडा धावत आली.

"अहो, उठा, आत चला."

"बुधवार आहे गं."

"असू दे बुधवार. आधी तळघर, मग सँडविच."

तिनं त्याला दंडाला धरून ओढत नेलं. तळघराचं दार लागलं आणि व्हरांडा खुर्चीसकट उडून गेला. म्हातारा वाचला. वाटलं, आता तरी माझी किंमत कळेल.

आज पुन्हा ओरडलो. व्हर्लिन नव्या व्हरांड्यात, नव्या खुर्चीत आभाळ बघत बसलेला. लूस घाबरून आईला बिलगली. योलांडा कुंड्यांना पाणी घालत होती. तिनं मान वर करूनही पाहिलं नाही.

"काही नाही गं," ती म्हणाली, "बुधवार आहे."

म्हणजे तीही यांच्यातलीच झाली. आता माझं ऐकणारी तू एकटीच उरलीस, लूस. बाळा, तू तरी इतक्यात इथली होऊ नकोस.