कुंदाबाईची पात्रता

नशिराबादच्या कुंदाबाईला नोटीस आली ती लाथा मारल्याबद्दल. नोटिशीत अर्थातच तसं नव्हतं. 'विनानोंदणी अस्थी व मणक्यांवरील उपचार' असं भारदस्त लिहिलं होतं. मुलानं, प्रेमराजनं, दोनदा मोठ्यानं वाचून दाखवलं तरी ते आपल्याविषयी आहे असं तिला वाटेना.

कुंदाबाई पायाळू. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी पायांनी आलेली. अशा माणसानं कमरेला पाय लावला की भरलेली उसण उतरते, हे खानदेशात शेंबड्या पोरालाही ठाऊक. त्यामुळं चाळीस वर्षं रोज सकाळी तिच्या ओट्यापुढं केळीचे घड वाहणारे, कापूस वेचणाऱ्या बाया पालथ्या पडत, एकदा तर एक फौजदारसुद्धा पालथा पडला होता. कुंदाबाई तीनदा लाथ घाली आणि माणूस मागं न बघता घरी जाई. पैसे घेणं पाप. नारळ चाले.

तिचं लग्नही या पायांवरच जमलं. भडगावला माहेरी तिला बघायला आलेल्या सासूची कंबर बैलगाडीतच धरली. मुलगी सावळी, हुंडा नाही, सासरा गाडी वळवायच्या बेतात. तेवढ्यात कुंदाची आई म्हणाली, "पोर पायाळू शे." लग्नाच्या दुसऱ्या दिवशी नव्या सुनेनं सासूच्या कमरेत लाथ घातली आणि सासूनं उठून तिला साखर भरवली. अख्ख्या गावात असा मान दुसऱ्या सुनेला मिळालेला नाही.

जळगावच्या कचेरीतले साहेब तरुण होते, स्वतः डॉक्टर होते आणि फारच सभ्य होते. त्यांनी खुर्ची दिली, फॉर्म काढला.

"पदवी?"

"नही."

"नोंदणी क्रमांक?"

"नही."

"मग पात्रता काय लिहू?"

"पायाळू," कुंदाबाई म्हणाली. साहेबांनी तेच लिहिलं, कारण रकाना मोकळा ठेवायला वरून मनाई होती.

"असं करू," ते म्हणाले. "जन्मजात देणगी असेल तर हा उपचार नाही, श्रद्धा झाली. तो माझा विषय नाही, फाइल बंद. पण जन्माच्या वेळी हजर असलेल्या माणसाचा लेखी जबाब आणा. सोमवारपर्यंत नाही आला तर तुमचं नाव बोगस वैद्यांच्या यादीत लागेल. त्यानंतरही लाथ घातलीत तर पोलीस केस."

बोगस हा शब्द कुंदाबाईला झोंबला. बाकी कायदा तिला कळला नाही, पण चाळीस वर्षांत एक माणूस वाकडा परत गेला नव्हता आणि वर बोगस! घरी येईपर्यंत तिचा राग काही उतरला नाही.

तिच्या जन्माला हजर असलेलं एकच माणूस जिवंत होतं, दाई अमिनाबी. वय नव्वदीला टेकलेलं. आता ती धुळ्याला नातवाकडं असे. प्रेमराजनं आईला एसटीनं नेलं. जबाब आधीच टाइप करून घेतला होता. फक्त अंगठा हवा होता.

अमिनाबीनं कुंदाबाईचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, गालाचा मुका घेतला आणि कागदात काय आहे ते विचारलं. प्रेमराजनं वाचून दाखवलं.

"पायाळू? ये?" अमिनाबी हसून प्रेमराजला म्हणाली. "ये तो सीधी आई थी. पहले सर, फिर बाकी. गाडी वापस जा रही थी ना, तो तेरी नानी ने बोल दिया. मेरे को कसम डाली थी, किसी को बताना नहीं."

प्रेमराज उठून बाहेर गेला. कुंदाबाई आपल्या पायांकडं बघत बसली. पाय तेच होते, टाचा फुटलेल्या.

"ला, अंगूठा देती हूँ," अमिनाबी म्हणाली. "इस उमर में अल्ला एक झूठ का हिसाब थोडी लेगा."

शाईचा पॅड उघडा होता. कुंदाबाईनं तो मिटला. खोटं आईनं सांगितलं होतं, ते तिच्याबरोबर गेलं. आता या म्हातारीच्या अंगठ्यावर ते पुन्हा उभं करायचं तिच्या जिवावर आलं. परतीच्या वाटेवर पारोळा येईपर्यंत ती पदर डोळ्यांना लावून रडली. शेजारच्या सीटवरच्या बाईनं तिला आवळ्याची गोळी दिली.

सोमवारी तिनं साहेबांना सांगितलं, "मी पायाळू नही शे. मनी मायनी खोटं सांगं व्हतं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. तालुक्यातले सहा बोगस त्यांनी हाताळले होते. कुणाकडं बिहारचं सर्टिफिकेट होतं, कुणाकडं आमदाराची चिठ्ठी. आपण होऊन कबूल झालेलं हे पहिलंच माणूस. त्यांना खरंच वाईट वाटलं. मग त्यांनी 'पायाळू' खोडून 'नाही' लिहिलं, आणि खाडाखोड झाली म्हणून बाजूला सही केली.

यादी ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागली. दुसऱ्या दिवशी ओट्यापुढं कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. कुंदाबाईनं दोन्ही दिवस अंगण जास्तच झाडलं.

चौथ्या दिवशी सुकदेव आला. हा केळीच्या गाड्या भरणारा हमाल. भिंतीला धरधरून आला आणि कण्हत ओट्यापुढं पालथा झाला.

"ऊठ," कुंदाबाई म्हणाली. "यादी वाची नही का?"

"वाचीसनच उनू, अक्का. तुमनं नाव सातवं शे."

"मंग?"

"मंग काय. कंबर तशीच शे."

कुंदाबाईनं रस्त्याकडं बघितलं. पोलीस नव्हता, पण असता तरी ती आत गेली नसती. तिनं लुगडं सावरून पाय उचलला, आणि तो हवेतच राहिला. आजवर लाथ घालणारी ती नव्हती, तिचा जन्म होता. चुकलं असतं तर त्याचं चुकलं असतं. आता या पायामागं कुणीच नव्हतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तिला भीती वाटली.

तिनं पाय हळूच त्याच्या कमरेवर टेकवला.

"दुखनं तर सांगजो रे, भाऊ," ती म्हणाली. हे तिनं आजवर कुणालाच म्हटलं नव्हतं.