पैलवानाचा उजवा हात

मित्रांनो, अंगभर भोकं पडलेली वस्तू कुणी घरात ठेवत नाही. माझ्या अंगावरची भोकं मात्र मुद्दाम पाडलेली आहेत, ओळीने आणि एकसारखी. मी एक जुनी खुंट्यांची फळी आहे. इस्पितळाच्या मागच्या इमारतीत हात तपासायची एक खोली आहे. माझं सगळं आयुष्य तिथेच गेलं.

मला एका सुताराने घडवलं. माझ्यावर दुखरे हात टेकणार आहेत हे त्याला सांगितलेलं होतं, म्हणून त्याने माझ्या कडा घासून घासून गुळगुळीत केल्या. प्रत्येक भोकात काडी फिरवून एखादं कुसळ राहिलं नाही ना, ते पाहिलं. वरच्या बाजूला वाट्यांसारखे दोन खळगे कोरले आणि त्यांत बारीक खुंट्या भरल्या. त्याची बायको दारातून म्हणाली, "एवढं काय घासताय? त्याच्यावर कोण जेवणार आहे?"

"जेवणार कुणी नाही," सुतार म्हणाला, "पण कुणाला जेवायला मिळणार ते हिच्यावर ठरणार आहे."

माझं काम तसं सोपं. अपघातात हात दुखावलेला माणूस माझ्यासमोर खुर्चीत बसायचा. हात तपासणाऱ्या बाई घड्याळ घेऊन शेजारी उभ्या राहायच्या. खळग्यातली एकेक खुंटी चिमटीत उचलायची आणि भोकात बसवायची. आधी उजव्या हाताने, मग डाव्या, मग दोन्ही हातांनी. बघणाऱ्याला पोरखेळ वाटावा असा प्रकार! पण याच खेळावरून ठरायचं की या माणसाला बसून करायचं काम झेपेल की नाही. मोठमोठी माणसं माझ्यासमोर घामाघूम झालेली मी पाहिली आहेत.

सुरुवातीला माझा फार मान होता. बाई मला रोज मऊ फडक्याने पुसायच्या. मोठे डॉक्टर पाहुण्यांना खोलीत आणून म्हणायचे, "ही फळी खोटं बोलत नाही." ते ऐकून मला आतून फुगल्यासारखं व्हायचं.

आणि मग एके दिवशी पैलवान आला.

पैलवान हे त्याचं गोदामातलं नाव. पोती आणि खोकी वाहण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. एकदा वरून खोक्यांची थप्पी कोसळली आणि त्याचा उजवा हात कोपरापासून खाली चिरडला. हाडं जुळली, टाके सुकले, पण ओझं उचलणं संपलं. गोदामाच्या मालकाचा विजेची बटणं बनवायचा कारखानाही होता. तिथे खुर्चीत बसून करायचं काम देतो, म्हणाला, पण इस्पितळाने हात चालतो असं सांगितलं तरच.

पैलवानाबरोबर त्याची बायको आली होती. खोलीतल्या कोपऱ्यात पदर घट्ट आवळून बसली होती.

"दुखलं तर थांबा हं," बाई म्हणाल्या.

"मॅडम, पोती उचलणाऱ्याला या काड्यांचं काय ओझं?" पैलवान हसला आणि सुरू झाला.

काय सांगू, मित्रांनो! भराभर खुंट्या बसायला लागल्या. बाईंना वेग दिसत होता. मला मात्र त्याची बोटं कळत होती. गरजेपेक्षा कितीतरी जास्त जोर लावत होता तो, कारण खुंटी चिमटीत आहे की नाही हे त्याच्या बोटांना समजतच नव्हतं. शेवटच्या ओळीला त्याचं मनगट माझ्या कडेवर टेकलं, तेव्हा ते थरथरत होतं. मी लाकडाची. मला ओरडता येत नव्हतं.

बाईंना संशय आला असावा. त्यांनी विचारलं, "बराच वेळ काम केल्यावर हात कसा होतो?"

"काही होत नाही."

"अहो, सांगा ना त्यांना," बायको कोपऱ्यातून म्हणाली. "संध्याकाळी यांना शर्टाचं बटण..."

"तू गप्प बस. हात माझा आहे की तुझा?"

तिने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

बाई दारात मोठ्या डॉक्टरांशी बोलायला गेल्या. "याला दुपारनंतर परत बसवू या. मधे थोडं काम देऊ, हात दमू दे, आणि मग बघू."

"खुंट्या बसल्या ना वेळेत?" डॉक्टर म्हणाले. "मग आता काय त्याच्या हाताची पत्रिका बघायची आहे? बाहेर बाकडं भरलंय, पुढचा बोलवा."

पैलवान पास झाला. जाताना त्याने बायकोच्या पाठीवर थाप मारली. "पोरीला सांग, बाप कामावर चाललाय." बायको हसली नाही. बाई कितीतरी वेळ दाराकडे बघत उभ्या होत्या.

पुढे काही महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात तो परत आला. मी आधी त्याला ओळखलंच नाही. गाल बसले होते. उजव्या हाताला अंगठा होता आणि करंगळी होती. मधे काही नव्हतं.

या वेळी बायको बोलली. कारखान्यात त्याला बटणातली धातूची पत्री दाबून बसवायच्या छोट्या यंत्रावर बसवलं होतं. सकाळी हात बरा चालायचा. दुपार झाली की सुजायचा, बधिर व्हायचा. मुकादमाला दिसू नये म्हणून तो टेबलाखाली हात झटकायचा आणि पुन्हा वर घ्यायचा.

"हात यंत्राखाली होता, मॅडम, आणि यांना कळलंच नाही," ती म्हणाली. "शेजारचा ओरडला, तेव्हा यांनी हाताकडे पाहिलं."

बाई खुर्चीत बसल्या. मग पैलवानच म्हणाला, "तुमची चूक नाही, मॅडम. मी दात आवळून बसलो होतो."

"मला दिसलं होतं," बाई म्हणाल्या.

डाव्या हाताने तरी काही काम झेपेल का ते बघायला त्यांनी त्या हाताची तपासणी घेतली. मोठे डॉक्टर दारातून डोकावले, तर बाईंनी वळूनही पाहिलं नाही. थांबत थांबत, हात दमेपर्यंत त्यांनी त्याला माझ्यासमोर बसवलं. पैलवानाचा डावा खांदाही त्याच खोक्यांखाली सापडला होता, हे तोवर त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. खुंट्या निसटून जमिनीवर पडायला लागल्या. बायको वाकली, तर तो म्हणाला, "राहू दे, मी उचलतो." त्याने एक उचलली, दुसरी उचलली आणि मग तिथेच जमिनीवर बसून राहिला. "दुखतंय," तो म्हणाला. ती त्याच्या शेजारी जाऊन बसली.

त्याला पुन्हा कामावर घेतलं नाही. आता कारखान्यात बायको जाते. एकदा ती बाईंना भेटायला आली होती, तेव्हा सांगत होती, पोरीने केस बारीक कापून घेतले. आई सकाळी लवकर निघते आणि वडिलांना वेणी घालता येत नाही.

त्यानंतर बाईंनी हट्टच धरला. प्रत्येक माणसाला सकाळी एकदा आणि हात दमल्यावर एकदा बसवायच्या. डॉक्टर कुरकुरायचे. काही जणांचे हात त्यामुळे वाचले, काही जण काम हुकल्यामुळे बाईंना शिव्या देऊन गेले. पुढे बाई निवृत्त झाल्या आणि खोलीत काचेच्या पडद्यावर बोटं चालवायचं नवं यंत्र आलं. मला कपाटावर टाकलं. माझ्या भोकांत धूळ साचली आहे, निम्म्या खुंट्या कुठे गेल्या कुणास ठाऊक. खाली ते यंत्र टुकटुक करत असतं आणि बाहेर बाकडं तसंच भरलेलं असतं. माणसं येतात, भराभर बोटं चालवतात, पास होतात, जातात. दुपारनंतर त्यांना कुणी परत बोलावत नाही.

मित्रांनो, मला खाली काढून पुसा, असं मी म्हणणार नाही. माझे दिवस सरले. पण तुमच्या घरी कामावरून आलेलं कुणी "काही झालेलं नाही" म्हणत असेल आणि बुटाची नाडी एकाच हाताने सोडवत असेल, तर त्याच्यावर लगेच विश्वास ठेवू नका. जवळ जाऊन बसा. त्याचा हात आपल्या हातात घ्या. आणि तो खरं सांगेपर्यंत उठू नका.